फ्रेंच वजडी

पावसाळ्यात आमच्याकडची जंगल सफारी बंद होते, तेव्हा रिसॉर्टवाल्यांचे दिवस वाईट असतात. वाघ दिसणार नसेल तर मुंबई-पुण्याचा माणूस कशाला येईल? मग त्यांना चंद्रपूर-वरोऱ्याचे डॉक्टर, वकील आणि ठेकेदार आठवतात. अशाच एका रिसॉर्टच्या मॅनेजरचा मला फोन आला. मी वरोऱ्यात दातांची डॉक्टर आहे आणि तो माझा पेशंट. त्याच्या अक्कलदाढा मीच काढल्या होत्या.

"मॅडम, आमच्याकडे फ्रेंच जेवण करणारे शेफ आलेत," तो म्हणाला. "रविवारी दुपारी. फक्त आठ जण. शेफच्या पुढ्यात बसायचं, तो समोर बनवणार आणि तिथल्या तिथे वाढणार. तुम्ही आणि सर या."

माझ्या नवऱ्याला तीन तास जेवायला बसवत नाही. त्याने सरळ नाही म्हटलं. पण त्याच आठवड्यात माझा मोठा भाऊ मुलचेऱ्याहून आला होता. तो तिकडे बंगाली वस्तीतल्या शाळेत मास्तर आहे. त्याच्या उजव्या दाढेचं मी रूट कॅनाल केलं होतं आणि वर तात्पुरती टोपी बसवली होती.

"भाऊ, चलतोस का फ्रेंच जेवायला?" मी विचारलं.

"चावाचं असलं तं नाई," तो म्हणाला. मग हसून म्हणाला, "जाऊ न. डाव्या बाजूनं खाईन."

आम्ही गेलो. बाहेर भाताच्या बांध्यांत रोवणी झालेली, आणि आत काळ्या दगडाचा अर्धगोल ओटा, त्याच्याभोवती आठ उंच स्टुलं. ओट्याच्या आत शेफ. शेगड्या, पितळेची भांडी, चिमटे, सगळं त्याच्या हाताशी. तो नागपूरचाच, पस्तिशीचा माणूस, बरीच वर्षं फ्रान्समध्ये काम करून आलेला. बोलायला गोड होता. स्टुलं इतकी जवळ की शेजाऱ्याचा कोपर लागत होता. एक खाणकामाचा ठेकेदार आणि त्याची बायको, एक वकील जोडपं, आम्ही दोघं. माझ्या डाव्या हाताची दोन स्टुलं रिकामी होती.

तिथे ती आणि तिचा नवरा येऊन बसले.

तिचा नवरा चंद्रपुरातला हाडांचा डॉक्टर. डॉक्टरांच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं आम्ही भेटत होतो. ती भेटली की "काय गं, कशी आहेस?" म्हणायची, मीही "बरी" म्हणायचे. पण मी तिला नुसती डॉक्टरांची बायको म्हणून ओळखत नव्हते. अकरावी-बारावीला आम्ही एका वर्गात होतो, प्रॅक्टिकलला एका टेबलावर. आणि तिच्या घराच्या माडीवरच्या खोलीत मी आणि भाऊ भाड्यानं राहत होतो. हे तिनं इतक्या वर्षांत एकदाही काढलं नाही. मीही काढलं नाही. मी वाट बघत होते ती काढेल म्हणून.

ती खोली चंद्रपुरात परकोटाच्या, म्हणजे किल्ल्याच्या तटाच्या आत, जुन्या वस्तीत होती. भाऊ बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, मी बारावीला. आमचं गाव कोरपना तालुक्यात. बाबा आणि माय दुसऱ्यांच्या शेतात राबायचे, माय कापूस वेचायची. आजोबांच्या वेळेपासून आमचं घर बौद्ध. घरमालकिणीला, म्हणजे तिच्या आईला, भावानं आडनाव सांगितलं तेव्हा तिला त्यावरून काही कळलं नाही आणि तिनं पुढे विचारलंही नाही. आम्ही लपवलं नव्हतं. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या घरी मटण चालायचं, हे आधीच सांगून ठेवते. दर रविवारी त्यांच्याकडे मटण शिजायचं आणि त्याचा वास आमच्या खोलीत यायचा.

माझ्या प्रॅक्टिकलच्या आधी माय गावाहून पहिल्या बसनं आली. कापडात बांधलेला पितळी डबा होता. त्यात वजडी, म्हणजे बोकडाचं पोट आणि आतडी. मायनं आदल्या दिवशी ती दिवसभर धुऊन, चुलीवर रात्रभर ठेवून शिजवली होती. आम्हा दोघांना ती फार आवडायची. तिनं ती स्टोव्हवर गरम करायला ठेवली आणि वास जिन्यावरून खाली गेला.

घरमालकीण वर आली. "काय शिजतंय हे?"

माय उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि आनंदानं म्हणाली, "वजडी होय बाई, बोकडाची. पोराईले आवडते. तुम्हीबी घ्या न वाटीभर, गरम हाये."

मायनं तिला वाढायला वाटी घेतली होती. वाटी मायच्या हातात होती.

मालकिणीनं नाकाला पदर लावला. "मटण आम्हीही खातो. पण हे? हे माणसं खातात? आता कळलं तुम्ही कोण लोक आहात ते." तिनं आमचाच चिमटा उचलला, भांडं कडेला धरलं आणि गॅलरीतून खाली नालीत उपडं केलं. मग फिनेलची बाटली आणून मायपुढे ठेवली. "जिना धुऊन काढा. वरपासून खालपर्यंत."

मायनं धुतला. भाऊ मध्ये पडायला गेला तर तिनं त्याला मागे सारलं आणि फडकं स्वतःच पिळलं. मी वरच्या पायरीवर होते. खाली, जिन्याच्या तोंडाशी, माझी वर्गमैत्रीण नाक दाबून उभी होती. माय तिच्या पायांजवळची पायरी पुसायला वाकली तेव्हा ती एक पाऊल मागे सरकली, बस तेवढंच.

त्याच दिवशी आमची गाठोडी रस्त्यावर आली. बल्लारपूरला दूरचे मामा होते, त्यांच्या स्वयंपाकघरात एकाला झोपायला जागा झाली. ती जागा भावानं मला दिली आणि तो गावी गेला. त्याची बीएस्सी तिथेच संपली. पुढे डीएड करून तो मास्तर झाला, तेही बऱ्याच वर्षांनी.

आणि मायनं काय म्हणावं? मामांच्या दारात गाठोडं ठेवता ठेवता म्हणाली, "चूक माहीच होय. शहरात असं आणाचं नसते." त्यानंतर ती मला भेटायला यायची तेव्हा फुटाणे आणायची, चिवडा आणायची. घरचं शिजवलेलं काही तिनं पुन्हा शहरात आणलं नाही. मी डॉक्टर झाले, माझं स्वतःचं घर झालं, तरी नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या बाईनं भांडं फेकलं याचा राग मला आहेच. पण मायनं ती चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली, त्या रागाला मला जागाच सापडत नाही.

तर अशी ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. रेशमी कुर्ता, मोत्यांचं कानातलं. मी म्हटलं, "हा माझा मोठा भाऊ." तिनं मान हलवली, हसली. तिनं त्याला ओळखलं नाही. त्यानं तिला ओळखलं. तो पाणी प्यायला लागला.

जेवण सुरू झालं. आधी कांद्याचं सूप, वर भाजलेला पाव आणि चीज. भावाला आवडलं, चावायचं काम नव्हतं. मग तलावातली मरळ, तिच्यावर लोण्याचा आंबट रस्सा. शेफ एकेक ताटली सजवून ओट्यावरून आमच्यापुढे सरकवायचा आणि त्या पदार्थाची गोष्ट सांगायचा. तो जीव लावून काम करत होता, हे मी नाकारत नाही.

तिसऱ्या ताटलीत काळपट रंगाची जाड चकती आली, बाजूला सफरचंदाच्या परतलेल्या फोडी.

"हे बुदँ न्वार," शेफ म्हणाला. "फ्रान्सच्या खेड्यांतलं जेवण. रक्त, चरबी, कांदा आणि मसाला आतड्यात भरून शिजवतात. आपण इथे बोकडाचं रक्त वापरलंय."

आमच्याकडे याला रक्ती म्हणतात. आतड्यात भरत नाहीत, कांद्या-मिरचीवर परततात. भाऊ माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसला. शेजारी तिनं फोन काढून फोटो घेतला, मग तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "किती मऊ! खाऊन बघा हो," ती नवऱ्याला म्हणाली. "आपल्याकडे लोकांना याची किंमतच नाही. तिकडे जनावराचा एक तुकडा वाया घालवत नाहीत."

मी काटा खाली ठेवला. स्वतःला म्हटलं, गप्प बस. जेवायला आली आहेस, भावाला घेऊन आली आहेस.

पुढची ताटली खोलगट होती. त्यात गाजर, कांदा, दाट रस्सा आणि मऊ शिजलेले पांढुरके तुकडे, एका बाजूनं जाळीदार. मी बघताच ओळखलं.

"ही ट्राइप," शेफ म्हणाला. "प्राण्याच्या पोटाची पिशवी. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या बायका सफरचंदाच्या दारूत ही रात्रभर मंद आचेवर ठेवायच्या."

भावाचा चेहरा उजळला. तो मोठ्यानं म्हणाला, "म्हंजे वजडी होय न?"

"हो हो," शेफ म्हणाला, "बरोबर, वजडीच."

ती खळखळून हसली. पुढे वाकून, माझ्या अंगावरून भावाला म्हणाली, "अहो भाऊ, वजडी नका ना म्हणू! त्या शब्दानंच भूक मरते."

ठेकेदाराची बायको हसली. भावानं मान खाली घातली. साठीच्या जवळ आलेला माणूस, शाळेत दोन पिढ्यांना शिकवलेला, ताटलीकडे बघत बसला. त्याची ती मान मी त्या जिन्यावर पाहिलेली होती.

"काऊन?" मी म्हटलं. मी एरवी पेशंटशी, डॉक्टरांशी पुस्तकी बोलते. त्या वेळी माझ्या तोंडून घरचं निघालं. "काऊन नाई म्हणाचं? वजडीले वजडी नाई म्हणाचं तं काय म्हणाचं?"

"अगं, मी सहज म्हटलं."

"तुझ्या आईनं हीच वजडी नालीत ओतली होती. तू खाली नाक दाबून उभी होतीस. हा तोच भाऊ. ओळखलं नाहीस?"

तिच्या हातातला चमचा थांबला. तिनं भावाकडे पाहिलं, आणि तिला आठवलं हे मला स्पष्ट दिसलं. तिचा नवरा मधे म्हणाला, "मॅडम, जुन्या गोष्टी असतील, आता जेवताना..."

"कोणती गोष्ट ते तुम्हाला ठाऊक आहे का?" मी विचारलं. त्याला ठाऊक नव्हती. मग मी सांगितली. त्याला, ठेकेदाराला, वकिलाला, शेफला, सगळ्यांना. मायनं हातात घेतलेली वाटी, चिमटा, फिनेल, जिना, मामांचं स्वयंपाकघर, भावाची सुटलेली बीएस्सी. त्या ओट्यावर कोणाला कोणापासून लांब जायला जागा नव्हती. शेफ हातात पळी घेऊन उभा होता आणि त्याच्या मागे लोणी करपत होतं.

ती म्हणाली, "मी लहान होते गं तेव्हा."

"आपण एका वर्गात होतो. मी किती मोठी होते?"

"आणि आईचा स्वभाव तसा होता. मी काय करणार होते?"

इथे ती थांबली असती तर कदाचित मीही थांबले असते. पण तिनं आवाज खाली आणला, समजावल्यासारखा, आणि म्हणाली, "आणि खरं सांगू का, राग मानू नकोस, त्याचा वास येत होता. हे नीट स्वच्छ केलेलं आहे. फरक असतो ना."

मी स्टुलावरून उतरले. "माझी माय अख्खा दिवस नाल्यावर बसून ती वजडी धूत असे," मी म्हटलं. "तिच्या बोटांची सालं निघत. घाण वजडीत नव्हती. तुमच्या जिन्यात होती, आणि तो जिनासुद्धा मायनंच धुतला."

शेफ अवघडून म्हणाला, "सॉरी मॅम. हा पदार्थ काढून घेऊ का?"

"नको," भाऊ म्हणाला. त्यानं ताटलीवर हात ठेवला होता. "राहू द्या. मी खाऊन राह्यलो."

मी एकटीच बाहेर व्हरांड्यात गेले. मला वाटलं होतं भाऊ मागून येईल. तो आला नाही. त्यानं वजडी संपवली, त्यानंतरचं गोडही खाल्लं, शेफला नमस्कार केला आणि मग रुमालानं तोंड पुसत आला.

गाडीत बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मीच बोलले. "तिचं ऐकून घेऊन तू जेवत बसलास?"

"मंग काय उपाशी उठू? शिजली चांगली होती."

"भाऊ!"

"तू सांगितलं ते बरोबर होय," तो म्हणाला. "तिले कोनी तरी सांगाचंच होतं. पन माह्या वाटचं तू काऊन सांगितलं? माही बीएस्सी सुटली, मी जागा देल्ली, हे त्या ठेकेदाराले कशाले पाह्यजे? मी तिथी मास्तर म्हणून बसलो होतो. तू मले बिचारा करून टाकलं."

"मी तुझ्यासाठी भांडले."

"म्या म्हटलं होतं का भांड म्हणून?"

मला त्याचाही राग आला. इतकी वर्षं मी त्याच्या वाटचा राग सांभाळला, आणि त्याला तो नकोच होता? मी गाडी जोरात चालवली. घरी आल्यावर नवऱ्यानं "जेवण कसं होतं?" विचारलं, तर भाऊ हातपाय धुवायला गेला आणि मी कपडे बदलायला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तिचा फोन आला. समोर पेशंट तोंड उघडून बसला होता. मी त्याला कुल्ला करायला सांगितलं आणि आतल्या खोलीत गेले.

"आई आता फार थकलीय," ती म्हणाली. "तिला काही आठवत नाही. तू डॉक्टरांच्या ग्रुपवर वगैरे काही लिहू नकोस, प्लीज. ह्यांना त्रास होईल."

"तिला आठवत नसेल. तुला आठवतं ना?"

"हो," ती म्हणाली.

"मग माफी माग. माझी नको. माझ्या भावाची माग. मी नंबर देते."

"पण मी कशाची मागू? मी तर काहीच केलं नव्हतं."

"तेच तर," मी म्हटलं, फोन ठेवला आणि भावाचा नंबर तिला पाठवून दिला.

पुढच्या रविवारी सकाळी मी दवाखान्यात भावाच्या दाढेला कायमची टोपी बसवली. दुपारी तो घरी आला तोच हातात पिशवी घेऊन. खाटकाकडून वजडी आणली होती. त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "कर."

मी म्हटलं, चुना लावून घासायची. तो म्हणाला, चुना नाई, गरम पाण्यातून काढून सुरीनं खरवडायची. मी म्हटलं, माय चुना लावायची. तो म्हणाला, तू लहान होतीस, तुले काय दिसलं? आम्ही दोघं मोरीत बसून वजडीवरून वाद घालत होतो. शेवटी दोन्ही केलं. कुकरमध्ये शिट्ट्या काढल्या, मसाला वाटला, तरी ती रबरासारखी झाली. नव्या टोपीनं त्याला ती चावता येईना आणि मला चांगल्या दातांनी येईना. माय होती तोवर आम्हाला ती कशी करायची ते विचारायचं सुचलं नाही, कारण शहरात ते आणायचंच नव्हतं. भावानं एक घास बराच वेळ तोंडात फिरवला, मग उठून ताटली धुऊन टाकली. "त्या शेफची बरी होती," तो म्हणाला. मला रडायला आलं, आणि त्या घरमालकिणीचा राग नव्यानं आला. तिनं आमची वजडी एकदा नालीत ओतली नव्हती, कायमची ओतली होती.

त्यानंतर काही दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. मला वाटलं तो झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करील. त्यानं ती केलीही, दोन वाक्यांत. मग उत्साहानं म्हणाला, "मॅडम, शेफ तुमच्या गोष्टीनं एकदम हलून गेलेत. हिवाळ्यात सीझन सुरू होतोय ना, तर ते म्हणतात ट्राइप मेनूवर ठेवू आणि खाली तुमच्या आईची गोष्ट लिहू. मेनूवर नाव 'माय'ची वजडी. बाहेरच्या गेस्टना अशा लोकल गोष्टी फार आवडतात. तुमची परवानगी असली की झालं."

मी खुर्चीत बसले. "काय लिहिणार?" मी विचारलं.

"तेच. डबा घेऊन आल्या, मालकिणीनं फेकली. जिन्याचं नाही लिहिणार, ते जरा जेवताना बरं वाटणार नाही."

"माझी माय तिथे जेवायला बसली असती तर तुम्ही तिला बसू दिलं असतं?"

"अर्थात मॅडम! काय बोलता!"

"लुगड्यात? चपला बाहेर काढून, स्टुलावर मांडी घालून? आणि तिनं तुमच्या शेफला म्हटलं असतं, मीठ कमी हाये बापू?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. मी त्याला सांगितलं की माझ्या मायबद्दल एक अक्षर तुमच्या मेनूवर दिसलं तर मी तिथे येईन, आणि या वेळी बाहेर व्हरांड्यात जाणार नाही. "पण मॅडम, हा तर त्यांचा सन्मान आहे," तो म्हणाला. त्याला खरोखरच कळत नव्हतं, आणि त्यामुळे मला त्याचा जास्त राग आला.

मेनूवर काही आलं नाही. वकिलाच्या बायकोनं मला तसं मुद्दाम सांगितलं, आणि माझा हात धरून "तुम्ही बोललात ते बरं केलंत" असंही म्हणाली. त्या दिवशी स्टुलावर तिच्या तोंडून हे निघालं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांची बायको आता कार्यक्रमात दिसली की मी नमस्कार करत नाही. तीही करत नाही. नवरा म्हणतो, आता सोडून दे, किती वर्षं धरून बसणार. भाऊ काहीच म्हणत नाही, आणि तिचा त्याला फोन आलेला नाही. फोन येईपर्यंत सोडायचं नाही, असं मी ठरवलं आहे. आला तरी सोडीनच असं नाही.